आलं, आलं... गेलं!

टीव्ही विकत घेणं हे आमच्या लहानपणी पैशाचं काम होतं. तो दिसणं हे मात्र मनुष्यबळाचं. पैसे एकट्या वडिलांनी भरले तरी चालायचं, पण चित्र आणायला किमान तीन माणसं लागत. एक कौलांवर, एक टीव्हीसमोर आणि एक मधे जिन्यात, वरचा प्रश्न खाली आणि खालचं उत्तर वर पोचवणारा. मधलं काम बहुधा घरातल्या धाकट्याकडे यायचं. त्याला ना अँटेना दिसायचा, ना चित्र. दिवाळखोरीची बातमी आणणाऱ्या कारकुनासारखा तो दोन्हीकडून बोलणी खायचा.

आता टीव्ही येतो तोच मुळी भिंतीला चिकटायला. दुकानाचा माणूस ड्रिल मारतो, वायफायचा पासवर्ड विचारतो आणि पाणीही न पिता पुढच्या घरी जातो. त्याच्या अर्ध्या तासात घरातल्या कुणाला सोफ्यावरून उठावं लागत नाही. सोय झाली, यात शंका नाही. फक्त टीव्ही घरात कधी आला, हे शेजारच्यांना आता खोक्यावरून कळतं, तेही कचऱ्याच्या दिवशी.

पूर्वी ती बातमी अँटेना सांगत असे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढे सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसू लागलं, आणि वाड्यांच्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचं पीक आलं. मुंबईचा चार नंबरचा चॅनेल साधारण ६१ ते ६८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात होता. त्या लहरीची अर्धी लांबी सव्वादोन मीटरच्या पुढेच जाते, म्हणून मुंबईच्या अँटेनाच्या काड्या सात-साडेसात फुटी असत. ही झाकून ठेवण्याजोगी वस्तू नव्हतीच. घरावर अँटेना चढला की पोस्टात टीव्हीचा परवाना काढला आहे का, याची चौकशी करणारेही वाढायचे आणि रविवारी सिनेमाला येऊ का, असं विचारणारेही.

अँटेना बसवण्याचं शास्त्र आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पाठ मात्र होतं. दीड इंची लोखंडी पाइप, तिला तीन बाजूंनी तारेचे ताण, वर यू क्लॅम्प. सगळ्यांत लांब काडी मागे, आखूड काड्या पुढे, आणि आखूड टोक केंद्राकडे. मधे ती दुमडलेली, टोकं गोल वळवलेली काडी. तिच्या दोन स्क्रूंना चपट्या वायरीची दोन टोकं पिळून लावायची. वायर पाइपला चिकटू द्यायची नाही, आणि खाली आणताना तिला मधे मधे पीळ द्यायचा, म्हणजे वाऱ्यात फडफडत नाही. ही रचना यागी आणि उदा नावाच्या दोन जपानी प्राध्यापकांनी १९२०च्या दशकात शोधली, हे आम्हाला कळलं तेव्हा अँटेना भंगारात गेले होते. आम्ही तिचं श्रेय कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला देत होतो, आणि त्यानेही कधी ते नाकारलं नाही.

खरा कार्यक्रम पुढे असायचा.

“आलं का?”

“नाही, मुंग्या.”

“आता?”

“आलं, आलं... गेलं!”

“अरे, मघाशी होतं तिथे ने.”

“मघाशी कुठे होतं?”

या शेवटच्या प्रश्नाला कौलांवर उत्तर नसे. पाइप एक इंच फिरली की बातम्या देणाऱ्या बाई स्वच्छ दिसायच्या, दीड इंच फिरली की त्यांच्या जागी पाऊस. त्यातून एखाद्या मुक्कामाला चित्र आरशासारखं यायचं, खालून एकदम चार आवाज उठायचे, “राहू दे, राहू दे!” वरच्याने सुटकेचा श्वास टाकून पाइप सोडली की चित्र पुन्हा नाहीसं. कारण त्याचं शरीरही तोवर अँटेनाचाच एक भाग झालेलं असायचं. “हात काढलास का?” “मग काय रात्रभर धरून उभा राहू?” हा संवाद महाराष्ट्रातल्या किती कौलांवर झाला असेल, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

आता चित्र अडकतं तेव्हा पडद्यावर एक गोल फिरत राहतो. त्याच्याशी भांडता येत नाही. ग्राहक सेवेला फोन लावला तर मराठीसाठी दोन दाबायला सांगतात, दोन दाबलं की सगळे प्रतिनिधी व्यस्त असतात. पूर्वी दोष द्यायला समोर कुणी तरी असायचं. संक्रांतीचा मांजा, काड्यांवर झोके घेणारा कावळा, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, नाही तर स्वतःचा भाऊ. आता दोष कुठल्या तरी सर्व्हरचा असतो, आणि त्याला कौलांवरून खाली ये म्हणता येत नाही.

इथवर वाचून आमचा आवाज दाटून आला आहे, असं वाटलं असेल तर जरा थांबा. त्या चित्राबद्दल खरं बोलायचं तर ते वाईट होतं. आजच्या मुलाला त्यातली पाच मिनिटं दाखवली तर तो टीव्ही बदलायला सांगेल. पलीकडे नवी इमारत उठली की तिच्यावर आपटून येणारी लहर थोडी उशिरा पोचायची आणि पडद्यावर एकामागे एक दोन गावसकर खेळायला उतरायचे. बाद कोणता झाला, हे कळायला धावफलक यावा लागे. ऐन रंगात ‘व्यत्यय’ अशी पाटी लागायची, आणि ती वाचत आम्ही मुकाट बसायचो, कारण बघायला दुसरं काहीच नव्हतं. १९८२ मध्ये रंग आले, पण ते बहुतेकांच्या घरी यायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर काहींनी काचेवर रंगीत प्लास्टिकचा कागद लावला होता. वर निळा, मधे तांबूस, खाली हिरवा. त्यात इंदिरा गांधींचे केस निळे दिसत आणि शेतीच्या कार्यक्रमातल्या म्हशीचे पाय हिरवे. तरी तो कागद लावणारा मनुष्य पाहुण्यांना “कलर आहे” म्हणायचा आणि पाहुणेही मान डोलवायचे.

आणि कौलांवर कोण चढायचं? शाळेतला मुलगा. पावसाळ्यात, शेवाळलेल्या कौलांवर, अनवाणी, हातात लोखंडी पाइप आणि डोक्यावरून गेलेली विजेची तार. आज आपला नातू त्या जागी आहे अशी कल्पना केली तरी पोटात गोळा येतो. तेव्हा मात्र आईची एकच सूचना असे: कौल फोडू नकोस.

आईचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करू. ‘सगळी गल्ली एकत्र बसून टीव्ही बघायची’ हे वाक्य आमच्या पिढीचं लाडकं. ते नेहमी ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्याच तोंडून ऐकू येतं, आणि त्यातही पुरुषांच्या. रविवारी सिनेमाला तीस-चाळीस माणसं घरात भरायची, चपला जिन्यापर्यंत जायच्या, आणि आई स्वयंपाकघरातून कपाळावरचा घाम पुसत आवाजावरून सिनेमा ऐकायची. भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी उंबऱ्यापाशी उभी राहायची. तिला आत ये म्हटलं जायचं, पण बस म्हटलं जायचं नाही. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा तिला बसायला जागा मिळाली, कारण त्या वेळी हात जोडून सगळेच जमिनीवर बसले. आता तिच्या नातवंडांच्या हातात आपापला मोबाइल आहे. या एका बदलासाठी सगळे अँटेना मोडीत गेले असतील, तर ते स्वस्तात गेले.

तरीही मन मानत नाही, ते वेगळ्याच एका गोष्टीसाठी. अँटेनाला दिशा असायची. पुण्यात कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं की शेकडो काड्या एकाच बाजूला माना वळवून असत, आणि त्या बाजूला सिंहगड असे. मुंबईत त्या वरळीकडे बघत. ढगांत गड दिसत नसला तरी तो कुठे आहे हे पोराटोरांनाही ठाऊक होतं, कारण तिकडून बातम्या येत. एप्रिल-मेमध्ये समुद्रावर हवेचे थर असे जुळायचे की किनाऱ्यावरच्या एखाद्या अँटेनाला वायव्येकडून कराचीचं किंवा आखातातलं एखादं केंद्र सापडायचं. तास-दोन तास उर्दू नाटक चालायचं, मग पुन्हा मुंग्या. जग कुठल्या बाजूने घरात येतं, हे तेव्हा बोटाने दाखवता येई.

त्यानंतर तबकड्या आल्या. त्यांनाही दिशा असते, पण ती कुणी विचारत नाही. बसवणारा मुलगा मोबाइल पाहून तबकडी आग्नेयेकडे वळवतो, स्क्रू आवळतो आणि जातो. समोर आकाशात सुमारे ३६ हजार किलोमीटरवर एक उपग्रह टांगलेला असतो. तिथे ना गड, ना रस्ता. केबल आणि इंटरनेट तर तारेतून येतं, आणि तारेला दिशाच नाही. अँटेनाची गरज संपली तशी दूरदर्शननेही जमिनीवरची जुनी प्रक्षेपण केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद केली. मार्च २०२२ अखेर, सीमाभागातली आणि मोक्याची मोजकी सोडली तर, सगळ्या देशातली ॲनालॉग केंद्रं थांबली. ज्या लहरींसाठी आम्ही कौलं फोडली, त्या कुठल्या संध्याकाळी थांबल्या हे आमच्यापैकी एकालाही कळलं नाही. मुंग्यासुद्धा आल्या नाहीत, कारण बघत कुणीच नव्हतं.

हे सगळं पुन्हा आठवण्याचं कारण आमचा पुतण्या. त्याने एक जुना टाटा ४०७ घेतला आणि त्याचं घर केलं. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांची चर्चा वाढली आहे. पण पुतण्याला धोरणापेक्षा व्हिडिओंनी जास्त बिघडवलं. मागच्या हौद्यावर प्लायवूडची खोली, घडीचा पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, पाण्याची टाकी, टपावर सोलर पॅनेल, खाली बॅटरी आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा टीव्ही. आमच्या काळी सहलीला निघताना टीव्हीला कुलूप लावून जायचे. शटरवाल्या कॅबिनेटला तशी सोयच असे. हा टीव्हीला घेऊन निघाला.

आणि टपावर बसवायला त्याने अँटेना मागवला होता! उडत्या तबकडीसारखा गोल, पांढरा, चहूबाजूंनी लहरी पकडणारा. डब्यावर शंभर मैलांचा दावा. तो बसवायला त्याने आम्हाला बोलावलं, “काका, तुम्हाला यातलं कळतं.” इतक्या वर्षांत आम्हाला काही कळतं असं घरात कुणी म्हणालं नव्हतं. टपाला भोकं पाडायची नाहीत, पाडली तर सिलिकॉन भरल्याशिवाय पावसाळ्यात पलंगावर धार लागेल. केबल दाराच्या रबरातून आत घ्यायची. झाडाच्या फांदीला अडकणार नाही इतकंच वर ठेवायचं. हे सगळं आम्ही ज्येष्ठांच्या थाटात सांगितलं. मग त्याने टीव्हीला चॅनेल शोधायला लावलं. आकडा शून्यावरून निघाला आणि शेवटपर्यंत शून्यावरच राहिला. सिंहगड समोर दिसत होता.

अमेरिकेत हे चाललं असतं. तिथे १२ जून २००९ ला मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं, पण हवेतला फुकटचा टीव्ही डिजिटल होऊन शिल्लक राहिला. म्हणून तिथल्या कॅम्पिंगच्या गाड्यांवर अजून अँटेना असतो, आतल्या छताला असलेल्या हँडलने तो वर चढवतात, आणि निघताना खाली घ्यायला विसरले की पहिल्याच फांदीला मोडतात. पुतण्याने व्हिडिओ तिकडचे बघितले आणि गाडी इकडे उभी केली. मुंबईसारख्या काही शहरांत दूरदर्शनने डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं होतं खरं, पण कॅम्पिंगला कुणी दादरला जात नाही.

शेवटी त्याने फुकटच्या डीटीएचची तबकडी आणली. २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली दूरदर्शनची सेवा. महिन्याचं भाडं नाही, एकदा तबकडी आणि डबा घेतला की झालं. घराच्या गच्चीवर ती एकदा बसवली की वर्षानुवर्षं हलत नाही. ट्रकवर मात्र दर मुक्कामाला नव्याने बसवावी लागते, कारण ट्रक काल कुणीकडे तोंड करून उभा होता आणि आज कुणीकडे आहे, याच्याशी उपग्रहाला देणंघेणं नाही. तो ९३.५ अंश पूर्वेलाच असतो. महाराष्ट्राच्या पश्चिम भागातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५८ अंश वर. उतारावर गाडी उभी केली की टप कलतं, टपाबरोबर तबकडी कलते, आणि दोन-तीन अंशांनी सगळं हुकतं. म्हणून आधी चाकाखाली लाकडी ठोकळे घालून गाडी पाणसळीत आणायची. त्यात पुन्हा माणसाला सावली हवी असते आणि तबकडीला उघडं आकाश. भंडारदऱ्याला धरणाकाठी गाडी लावायला पुतण्याने वडाखालची सुरेख जागा हेरली होती. आग्नेयेला वडाचीच एक आडवी फांदी निघाली. सावली सोडून गाडी उन्हात घेतली.

मग तो टपावर चढला आणि त्याची बायको आत टीव्हीसमोर बसली. जुन्या अँटेनाचं एक बरं होतं. चित्र थोडं थोडं सुधारत जायचं, म्हणजे बरोबर बाजूला वळतोय एवढं तरी कळायचं. डिजिटलमध्ये ती दयामाया नाही. एक तर सगळं, नाही तर काळा पडदा. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, एक स्ट्रेंग्थची आणि एक क्वालिटीची, आणि दुसरी वर जायला क्षणभर घेते. तेवढ्यात वरच्याने तबकडी पुढे सरकवलेली असते. त्या दरीत मोबाइलला रेंज नव्हती. त्यामुळे दोघांनी फोनवर फोन लावून पाहिल्यावर शेवटी तोंडाचाच वापर केला.

“आली का पट्टी?”

“आली, आली... गेली!”

“अगं, मघाशी होती ना?”

आम्ही खाली खुर्चीत बसलो होतो. मधला निरोप्या म्हणून कुणी हाक मारेल अशी वाट बघितली, पण ट्रक एवढासा, आवाज सरळ पोचत होता. आमच्या वाड्यात निरोप पोचायला जिने तीन होते, इथे एक शिडी. सोय वाढली की मधली माणसं गळतात, हे नवं नाही. आमचे वडील तार करायला पोस्टात जायचे तेव्हाही तसंच काही गळलं असेल, आणि त्यांनी त्यावर कधी लेख लिहिला नाही.

चित्र आलं. इतकं स्वच्छ की निवेदकाच्या कोटाचा धागा दिसत होता. पुतण्याने उतरून हात पुसले, दोन मिनिटं उभ्यानेच पाहिलं आणि बायकोला म्हणाला, “लागतंय ना? झालं तर मग.” टीव्ही बंद झाला, आणि दोघं चहा घेऊन पाण्याकडे गेली. त्यांना चित्र बघायचं नव्हतंच, आणायचं होतं. आमचं तसं नव्हतं. आम्ही चित्र आणलं की राष्ट्रगीत होईपर्यंत उठत नव्हतो, शेतीचा कार्यक्रम आणि हरवलेल्या माणसांचे फोटोसुद्धा पूर्ण बघत होतो. त्या दोघांचंच जास्त शहाणपणाचं आहे, हे मान्य करायला आम्हाला जरा जड जातं, पण मान्य आहे.

जाता जाता एक कामाची गोष्ट. तुमच्या जुन्या घराच्या कौलांवर किंवा गच्चीवर अजून अँटेना उभा असेल, तर भावनेच्या भरात तसाच ठेवू नका. पाइप तळाशी गंजलेली असते, ताणाच्या तारा तुटलेल्या असतात, आणि वळवाच्या वाऱ्यात तो विजेच्या तारेवर किंवा कुणाच्या डोक्यावर पडतो. पावसाळ्याआधी उतरवून घ्या. चढायला जाणत्या माणसाला बोलवा, नातवाला नको. लोखंड आणि ॲल्युमिनियम वेगळं करून द्या; ॲल्युमिनियमला भंगारवाला बरा भाव देतो.